कुलुपांतल्या विटा

आमच्या शहरांतील एका वाचनालयाच्या बालविभागाला गेल्या वर्षीं एक देणगी आली. ती रोख नव्हती व पुस्तकांचीही नव्हती. बरींच वर्षें परदेशीं राहून परत आलेल्या एका कुटुंबानें, आपलीं दोन मुलें ज्यांशीं खेळून मोठीं झालीं ते प्लॅस्टिकचे जोडठोकळे पांच पोत्यांत भरून आणून दिले. ह्या ठोकळ्यांना घरोघर सरसकट 'लेगो' म्हणतात, मग ते त्या कंपनीचे असोत कीं नसोत. वजन केलें तें ३१ किलो भरलें. कुतूहल म्हणून आम्हीं शंभर तुकडे मोजून किराणा दुकानाच्या कांट्यावर टाकले, ते सव्वाशें ग्रॅम भरले. त्या मानानें पोत्यांत पंचवीस हजारांच्या आसपास तुकडे असले पाहिजेत. ज्या खेळण्याच्या एका मोठ्या संचाची किंमत आमच्या अहिल्यानगरांतल्या कित्येक घरांच्या महिन्याच्या किराण्याएवढी होते, तें खेळणें पोत्यांनीं, आणि तेंही सार्वजनिक ठिकाणीं येऊन पडावें, हा योग सामान्य नव्हे. पहिले दोन रविवार पोतीं सतरंजीवर ओतलीं गेलीं, आणि ज्या बालविभागांत एरवीं चार-पांच मुलें पुस्तकें चाळीत बसत तेथें चपला ठेवण्यास जागा उरली नाहीं. तिसऱ्या रविवारीं कमिटीची सभा झाली. त्या दिवसापासून आजतागायत, म्हणजे अकरा महिने, त्या विटा लोखंडी कपाटांत कुलुपांत आहेत.

हें कोणाच्या दुष्टाव्यानें झालें असें वाचकांनीं समजूं नये. सभेंत एक अत्यंत समंजस ठराव आला, कीं "सर्व ठोकळ्यांचें योग्य वर्गीकरण झाल्याशिवाय ते मुलांच्या हातीं देऊं नयेत." ठरावाच्या बाजूनें आमचाही हात वर होता. सत्तावीस वर्षें कॉलेजांत शिकविण्यांत घालविल्यामुळें 'वर्गीकरण' हा शब्द ऐकला कीं आमची मान आपोआप डोलते. योग्य म्हणजे कोणतें, कोणासाठीं आणि कोणी करावयाचें, हे तीन प्रश्न त्या दिवशीं आम्हांस सुचले नाहींत. ते आतां विचारीत आहों. कमिटींतील सन्मित्रांस हा लेख कडू लागेल. पण सभेंत पांच मिनिटांपलीकडे कोणी बोलूं देत नाहींत, तेव्हां मासिकाचा आश्रय घेणें भाग आहे.

कमिटींत जो पक्ष विजयी झाला त्यास आम्ही 'संचवादी' म्हणतों. त्यांचें म्हणणें असें कीं, हे पंचवीस हजार तुकडे मूळच्या कांहीं संचांतून आलेले आहेत. कोठें किल्ला होता, कोठें आगगाडी, कोठें विमान. देणगीदारांनीं संचांच्या पुस्तिकाही दिल्या आहेत. तेव्हां प्रत्येक तुकडा त्याच्या मूळ संचांत परत घालावा, संच पुरा झाला कीं पुस्तिकेसह त्याची पेटी करावी, पेटीवर क्रमांक घालावा, आणि मग मुलांना एकेक पेटी सही घेऊन द्यावी. ऐकतांना हें फार शिस्तीचें वाटतें. आतां हिशेब पाहा. एका तुकड्याचा मूळ संच हुडकण्यास मिनिटच लागतें असें धरलें, तरी पंचवीस हजार मिनिटें म्हणजे चारशें सोळा तास झाले. दर रविवारीं दोन तास बसणाऱ्या एका स्वयंसेवकास त्यासाठीं दोनशें आठ रविवार पाहिजेत, म्हणजे चार वर्षें. दोघे बसले तरी दोन वर्षें. ज्या मुलीनें पहिल्या रविवारीं नवव्या वर्षीं घर बांधण्यास घेतलें ती अकरा वर्षांची झाल्यावर तिला पेटी मिळेल, आणि तेव्हां ती सातवीच्या अभ्यासांत असेल. अकरा महिन्यांत किती संच पुरे झाले? तीन. त्यांतील दोहोंत एकेक तुकडा कमी आहे, म्हणून त्यांच्याही पेट्या 'अपूर्ण' असा शेरा मारून कपाटांतच आहेत.

परंतु वेळेची गोष्ट सोडून दिली तरी हा उद्योग मुळांतच खोटा आहे. ह्या ठोकळ्यांच्या पोटांत बारीक अक्षरांत एक आकडा ठसविलेला असतो. भिंग घेऊन तो वाचण्यांत आमच्या चिटणिसांनीं किती तरी संध्याकाळ घालविल्या. पण तो आकडा आकाराचा असतो, संचाचा नव्हे. आठ बोंडांची साधी तांबडी वीट शेंकडों संचांत असते, आणि एकदां ती पोत्यांत पडली कीं ती किल्ल्याची होती कीं विमानाची हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. तेव्हां 'मूळ संचांत परत घालणें' म्हणजे पुस्तिकेंतील यादीप्रमाणें कोणतीही तशीच वीट उचलून त्या पेटींत टाकणें होय. हें वर्गीकरण नव्हे. एका दुकानाची जुनी आवराआवर पुन्हां उभी करण्याचें नाटक आहे.

आणि ज्यांनीं ही वीट केली त्यांचा तरी हेतु काय होता? डेन्मार्कांतील बिलुंड ह्या खेड्यांतला सुतार ओले कर्क ह्यानें १९३२ सालीं लांकडी खेळणीं करावयास आरंभ केला. १९४९ सालीं त्याच्या कारखान्यानें एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा काढल्या, त्याही इंग्लंडांतील हिलरी पेज ह्याच्या विटांवरून. त्या विटा एकमेकींत बसत, पण घट्ट धरून राहत नसत. ओले कर्कचा मुलगा गॉडफ्रेड ह्यानें १९५५ च्या सुमारास असा विचार मांडला कीं खेळणीं सुटीं सुटीं विकण्याऐवजीं अशी एक पद्धति असावी कीं तींतील प्रत्येक तुकडा दुसऱ्या प्रत्येक तुकड्यास जोडतां यावा; आणि विटेच्या पोटांत नळ्या घालून ती घट्ट धरेल अशी युक्ति साधल्यावर २८ जानेवारी १९५८ रोजीं तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला. त्या सालची वीट आजच्या विटेस बसते. बोंडापासून बोंडापर्यंतचें अंतर ८ मिलिमीटर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर हीं मापें तेव्हांपासून हललेलीं नाहींत. चपट्या पट्टीची उंची विटेच्या बरोबर तृतीयांश, म्हणजे तीन पट्ट्या रचल्या कीं एक वीट. ही सारी कुसर कशासाठीं? किल्ल्याची वीट विमानास लागावी म्हणून. संचाची पेटी ही विक्रीची सोय आहे. विटेचा धर्म पेटी मोडून बाहेर पडणें हा आहे. आठ बोंडांच्या एकाच रंगाच्या दोन विटा घेतल्या तर त्या २४ प्रकारांनीं जुळतात, तीन घेतल्या तर १०६० प्रकारांनीं. सहा विटांचा आंकडा कंपनी बरींच वर्षें १० कोटी २९ लाख ८१ हजार ५०० असा सांगत असे, पण त्यांत सहा विटा उभ्या एकावर एक चढविलेल्याच धरल्या होत्या. पुढें डेन्मार्कच्या गणितज्ञांनीं नीट गणती करून तो ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ असा काढला. ह्या अफाट संख्येंतून पुस्तिकेंतील एक रचना तेवढी शास्त्रशुद्ध, आणि बाकीच्या ९१ कोटी म्हणजे पसारा, असें मानणाऱ्यास आम्ही संचवादी म्हणतों, आणि हें नांव सौम्य आहे.

संचवाद्यांचे म्होरके आमचे स्नेही आहेत व त्यांस इतिहासाचा नाद आहे. ते म्हणतात, नेवाशाच्या उत्खननांत सांकळियांनीं खापरें कशीं ठेवलीं? जो तुकडा ज्या थरांत सांपडला त्या थराची नोंद राहिली म्हणूनच त्याला अर्थ आला ना? अगदीं खरें. १९५४ ते १९५६ या काळांत प्रवरेच्या कांठीं तें काम झालें, आणि थर विसरला असता तर तीं खापरें कुंभाराच्या उकिरड्यावरच्या खापरांहून निराळीं ठरलीं नसतीं. पण खापर हें झालेल्या जीवनाचें साक्षीदार आहे. वीट व्हावयाच्या घराची आहे. आपल्याच जिल्ह्यांत दायमाबादेस १९७४ सालीं काशाचे हत्ती, गेंडा, रेडा व बैलांचा रथ सांपडले. त्यांना चाकें आहेत. तीं खेळणीं होतीं कीं पूजेच्या वस्तु, यावर विद्वानांचें एकमत नाहीं. तीं कांचेआड ठेवणें योग्यच, कारण त्यांना ओढणारा हात चार हजार वर्षांपूर्वींच गेला. आमच्या विटांना ओढणारे हात वाचनालयाच्या पायरीवर बसलेले आहेत. ते जिवंत असतांना वस्तुसंग्रहालय कशाला?

दुसरा पक्ष रंगवाद्यांचा. तांबडें तांबड्यांत, निळें निळ्यांत, पिवळें पिवळ्यांत. कांचेच्या बरण्या भरून फळीवर मांडल्या कीं बालविभाग कसा शोभिवंत दिसेल! दिसेल यांत शंका नाहीं. देणगीदारांस छायाचित्र पाठविण्यास ही पद्धति सर्वोत्तम. पण आमच्या वाचकांपैकीं कोणत्या गृहिणीनें हळद आणि बेसन दोन्ही पिवळीं म्हणून एका डब्यांत भरलीं आहेत? काळे तीळ, मोहरी आणि मिरे एका बरणींत घालून वरणाला फोडणी देण्याची पाळी आली म्हणजे रंगवादाचा कस कळतो. प्रयोग करून पाहावा. तांबड्या विटांच्या ढिगांत एक तांबडी बारकी बिजागरी टाकावी आणि ती शोधावी; डोळे शिणतात, कारण जें शोधावयाचें तें आणि ज्यांत शोधावयाचें तें एकाच रंगाचें. उलट सगळ्या रंगांच्या बिजागऱ्या एका ताटांत ठेवाव्यात आणि तांबडी शोधावी; पाहतां क्षणीं ती आपण होऊन पुढें येते. आकार हातानें चाचपावा लागतो, रंग डोळ्याला आयता मिळतो. म्हणून जो भेद पकडण्यास कठीण तो ताटांनीं आधींच करून ठेवावा, जो सोपा तो मुलांच्या डोळ्यांवर सोडावा. ज्या मुलांना तांबड्या-हिरव्यांतला भेद नीट उमजत नाहीं, आणि अशीं मुलें आपणांस वाटतात त्याहून पुष्कळ असतात, त्यांच्यापुढें तर रंगांच्या बरण्या म्हणजे रोजचा अपमानच.

हें तत्त्व आमच्या भाषेला नवें नाहीं. १८४२ सालीं ह्याच शहरांतून 'ज्ञानोदय' निघूं लागला तेव्हांपासून पुढें सव्वाशें वर्षें मराठी मजकूर ज्या शिशाच्या खिळ्यांनीं छापला गेला, त्यांचा संसार आठवावा. देवनागरीचे खिळे इंग्रजीपेक्षां कितीतरी अधिक; पूर्ण अक्षरें निराळीं, अर्धीं निराळीं, जोडाक्षरें निराळीं, काने-मात्रा-वेलांट्या निराळ्या. ह्या सगळ्यांस लांकडी खानाखान्यांच्या केसांत घरें नेमून दिलेलीं असत. तीं घरें कशीं लावलेलीं असत? ज्याचा उपयोग पदोपदीं तें घर मोठें आणि हाताजवळचें. ज्याचें काम महिन्यांतून एकदां तें लहान आणि वरच्या कोंपऱ्यांत. बाराखडीच्या क्रमानें सारीं घरें लावा असें एखाद्या पंडितानें सुचविलें असतें तर जुळाऱ्यानें त्याला हात जोडले असते. आणि मुख्य गोष्ट पुढें आहे. फॉर्म छापून झाला कीं जुळलेला मजकूर मोडून प्रत्येक खिळा पुन्हां आपल्या घरांत टाकावा लागे. निर्णयसागरासारख्या छापखान्यांतून निघालेले पोथ्यांचे नि ग्रंथांचे डोंगर ह्या मोडण्यावर उभे आहेत. अमुक खिळा अमक्या ग्रंथाचा म्हणून त्याला त्या ग्रंथाच्या पेटींत बंद करून ठेवलें असतें, तर दुसरा ग्रंथ कशानें छापला असता?

आतां तिसरा पक्ष, ज्याच्याविषयीं आम्हांस मनापासून ममता आहे आणि म्हणूनच त्याच्याशीं अधिक भांडावयाचें आहे. हा पक्ष म्हणतो, वर्गीकरणच नको. पोतें ओता आणि मुलांना सोडा. ढिगांत हात घालून जें लागेल त्यावरून कल्पना सुचते. व्यवस्था आली कीं प्रतिभा मेली. ह्या मतांत कवित्व आहे, आणि थोडें सत्यही आहे. ढीग उपसतांना नको असलेली वस्तु सांपडून तिच्यापासूनच घराला कारंजें सुचतें हें आम्हीं पाहिलें आहे. पण त्या दोन रविवारीं आम्ही सतरंजीच्या कांठावर बसून आणखीही कांहीं पाहिलें. पंचवीस हजारांच्या ढिगाचा मालक कोण होतो? ज्याचे हात लांब, आवाज मोठा, आणि ज्यानें हें खेळणें पूर्वीं कोठेंतरी पाहिलेलें, तो. पहिल्या दहा मिनिटांत चाकें, खिडक्या, दारें आणि माणसें चार मुलांच्या मांडीखालीं गेलीं. उरलेल्यांच्या वांट्याला साध्या विटा आल्या, आणि त्यांचीं घरें बिनदाराचीं झालीं. ज्या मुलांच्या घरीं हें खेळणें आहे त्यांना काय मागावें हें ठाऊक असतें. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांना अशी बिजागरी जगांत आहे हेंच ठाऊक नसतें. ती ताटांत मांडलेली दिसेल तेव्हांच त्यांना हवीशी वाटेल. ढीग हा स्वातंत्र्याचा आव आणतो, पण त्यांत बलवानांचेंच स्वातंत्र्य वाढतें.

दुसऱ्या रविवारीं एक गोष्ट घडली. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी गर्दीपासून दूर आपल्या डब्याचें झांकण उलटें ठेवून त्यांत उतरत्या पाठीच्या विटा जमवीत होती. आम्हीं विचारलें, "काय चाललें आहे?" ती म्हणाली, "काका, मला छप्पर करायचंय. ह्या तिरक्या सगळ्या हितं पाहिजेत. तुम्हाला घावल्या तर इकडं टाका ना." आम्हीं टाकूं लागलों. थोड्या वेळानें तिच्याशेजारीं दुसरी एक मुलगी बसली आणि तिनें पट्ट्या निवडावयास आरंभ केला. तासाभरांत तेथें पांच-सहा ढीग झाले, आणि प्रत्येकास नांव पडलें: तिरक्या, चपट्या, गुळगुळीत, एकबोटी, आणि जिचा उपयोग कोणासच कळेना ती 'मामा'. कोणीं सांगितलें नव्हतें, ठराव झाला नव्हता. ज्यास कांहीं बांधावयाचें असतें तो आपण होऊन निवडतो, आणि त्याला हवें तेवढेंच निवडतो. छप्पर मात्र अर्धेंच झालें, वेळ संपली. "पुढच्या रविवारी करू," असें ती म्हणाली आणि झांकणांतल्या विटा तशाच खिडकींत ठेवून गेली. पुढच्या रविवारीं सभा होती. त्या झांकणांतल्या विटाही मोजून कपाटांत गेल्या. झांकण तेवढें परत दिलें.

बालशिक्षणाच्या इतिहासाची साक्ष काढावयाची तर ती ह्या मुलीच्या बाजूची आहे. फ्रेबेलनें १८३७ सालीं आपल्या शाळेचा प्रपंच मांडला आणि मुलांसाठीं ज्या 'देणग्या' योजल्या, त्यांतील तिसरी म्हणजे एकेक इंचाचे आठ लांकडी घन. सगळे मिळून दोन इंचांचा एक घन होतो आणि लांकडी पेटींत नेमका बसतो. मुलानें पेटी उपडी करून अखंड घन बाहेर काढावयाचा, मोडावयाचा, पाहिजे तें रचावयाचें, आणि शेवटीं आठही घन पुन्हां जुळवून पेटींत घालावयाचे. आवरणें हा खेळाचाच शेवटचा डाव होता, आणि तो मुलाच्या हातचा होता. शिक्षकानें मागाहून उरकावयाची झाडलोट नव्हे. फ्रेबेल फार काटेकोर, त्याच्या पद्धतींत पुढें कर्मकांड माजलें, हें सारें मान्य. मॉन्टेसोरीबाईंच्या साहित्यासही तोच आक्षेप घेतात. पण त्या साहित्याची मांडणीही मुलाचा हात पोंचेल अशा उघड्या, ठेंगण्या फळ्यांवरच असते. आणि आमच्याकडे ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस काम सुरू केलें, अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, पुढें कोसबाडच्या टेकडीवर तें वाढलें. तेथें महागडें साहित्य कोठून आणणार? शंख, शिंपले, बिया, खडे, पानें ह्यांवरच मोजणें, निवडणें आणि लावणें चाले. आदिवासी पाड्यांतलीं मुलें बिया निवडूं शकतात आणि शहरांतलीं मुलें विटा निवडूं शकत नाहींत, असें आमच्या कमिटीचें खरोखर मत आहे काय?

एका सभासदांनीं निराळाच मुद्दा काढला: परदेशी प्लॅस्टिकचें इतकें कौतुक कशाला, दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करणारा मराठी मुलगा ह्यांवांचून अडला आहे काय? अडलेला नाहीं. ज्या शहरांत भुईकोट आहे तेथील मुलांनीं किल्ले करावेतच. काड्यापेटींतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर अरविंद गुप्तांनीं जें भूमितीचें खेळणें बसविलें, तेंही आमच्या मतें ह्या विटांच्या तोडीचें आहे. पण मातीचा किल्ला कार्तिकांत ढांसळतो आणि त्याचे बुरुज पुन्हां अंगणाची माती होतात. मोडलेला भाग हातीं येत नाहीं. विटेचा गुण हा कीं ती मोडल्यावर जशीच्या तशी हातांत परत येते, चूक उलगडून पाहतां येते. दोन्ही खेळ दोन प्रकारचें शहाणपण शिकवितात. आणि माल दारांत येऊन पडला असतां स्वदेशीची आठवण होऊन त्यास कुलूप घालणें ही देशभक्ति फार स्वस्तांतली आहे.

राहिला चोरीचा प्रश्न. हा उघडपणें कोणी बोलत नाहीं, पण किल्ली कमरेला असण्याचें खरें कारण तेंच. "कोण कुठलीं पोरें येतात, खिसे भरून नेतील." नेतील. दरसाल दोनशें तुकडे गेले असें धरूं. शेंकडा एकही होत नाहीं, आणि ह्या वेगानें पोतीं सवाशें वर्षें पुरतील. वाचनालयाच्या चालकांना तरी हें आम्हीं सांगावयास नको. रंगनाथन् ह्यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले, त्यांतला पहिलाच ग्रंथ उपयोगासाठीं आहेत असा आहे, आणि तो समजावितांना त्यांना युरोपांत एकेकाळीं ग्रंथ साखळ्यांनीं बांधून ठेवीत त्याची आठवण काढावी लागली. त्यांचें नांव आपल्या वार्षिक अहवालांत आदरानें येतें. मग साखळी पुस्तकाची काढली आणि विटेला घातली, एवढाच पांच नियमांचा अर्थ झाला काय?

घरीं ज्यांचीं मुलें असे ठोकळे बाळगतात त्यांस उपयोग होईल म्हणून आमची रीत येथें सांगतों. विटा आधीं कोमट पाण्यांत थोडा साबण घालून धुवाव्यात; कढत पाणी नको, त्यानें प्लॅस्टिक वांकतें. सावलींत वाळवाव्यात, पापडासारख्या गच्चीवर नव्हे, कारण उन्हानें पांढऱ्या आणि निळ्या विटा पिवळट पडतात. निवडण्याआधीं त्या धान्याच्या चाळणींतून काढाव्यात. आमच्या जिल्ह्यांत घरोघर बाजरी-ज्वारीच्या दोन-तीन चाळण्या असतातच. मोठ्या भोकांच्या चाळणीवर विटा राहतात आणि बारीक चिजा खालीं पडतात, अर्धें काम तेथेंच उरकतें. मग आकारानें ताटें लावावींत, आणि पहिल्यानें आठ-दहांहून अधिक नकोत. जें ताट चाळतांना हात फार वेळ गुंतूं लागेल तेंच पुढें फोडून दोन करावेंत. ज्यांस घर सांपडत नाहीं त्या सगळ्यांचें एक ताट असूं द्यावें आणि त्याची लाज बाळगूं नये. मुलें प्रथम त्याच ताटाकडे वळतात. ताटें उथळ असावींत, कारण खोल डब्यांत तळची वीट कधींच वर येत नाहीं. तीन वर्षांखालील पोरें जेथें वावरतात तेथें बारीक तुकड्यांचें ताट उंचावर ठेवावें. तीं तोंडांत घालतात आणि तो खेळ जिवावर बेततो. खाली एक जुनी चादर अंथरावी. खेळ आटोपला कीं चार कोन उचलले म्हणजे न निवडलेलें सारें एका गांठोड्यांत येतें, आणि जेवणाच्या वेळीं आईचा आवाज चढण्याचें कारण उरत नाहीं. अर्धी इमारत मोडावयास लावूं नये; ती तशीच फळीवर ठेवावी. आकारानें निवडण्यास एका तुकड्यास दोन सेकंद लागतात. पंचवीस हजारांस एका माणसाचे चौदा तास झाले. दहा मुलें बसलीं आणि निवडतां निवडतां खेळलीं, भांडलीं, पाणी पिऊन आलीं, तरी दोन-तीन रविवारांत काम संपतें. संचवाद्यांच्या दोनशें आठ रविवारांशीं हें ताडून पाहावें.

ज्या गृहस्थांनीं हौसेनें एखादा मोठा संच घेऊन, पुस्तिकेप्रमाणें तंतोतंत जुळवून, दिवाणखान्यांत कांचेंत ठेवला आहे त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. तो त्यांचा पैसा आणि त्यांचा छंद. मुलाच्या नांवानें घेतला असल्यास मात्र एकदां त्याला विचारावें.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारीं कमिटीची सभा आहे. आमचा ठराव चिटणिसांकडे लेखी पोंचला आहे: कपाट उघडावें, विटा मुलांकडून आकाराप्रमाणें निवडवून घ्याव्यात, ताटांवरच्या चिठ्ठ्यांवर मुलांनीं दिलेलीं नांवें लिहावींत, आणि पुस्तिका ज्यास हवी त्यानें पाहाव्या म्हणून दोऱ्यानें खिळ्याला टांगाव्यात. अनुमोदक मिळाले आहेत. विरुद्ध बाजूस किती हात जातील तें आजच सांगतां येत नाहीं, कारण मागच्या खेपेस आमचाच हात तिकडे होता. सभा साडेदहाला आहे. आम्ही दहालाच जाणार आहों, आणि बरोबर दोन परातीं, एक चाळणी आणि एक जुनी चादर नेणार आहों. ती मुलगी हल्लीं येत नाहीं असें शिपाई सांगतो. तिचें घर माळीवाड्याच्या बाजूस कोठेंतरी आहे, त्याचा शोध आम्हीं चालविला आहे.